सर्दीवाले काका आणि नऊ पिनांची वायर

२००५ साली आमच्या हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर एका दिवसात बदलले, आणि माझ्या नणंदेची टाइपिस्टची खुर्ची जायची वेळ आली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला पन्नास पूर्ण झाली आणि जवळचं वाचायला चष्मा लागला. तो चष्मा पुढे कामी आला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आम्ही दोघी तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये कामाला होतो. छताखालून गरम पाण्याचे जाड पाइप गेलेले, त्यामुळे थंडीतही तिथे स्वेटर लागत नसे. भिंतीला लागून कपाटं आणि कपाटांत गावातल्या निम्म्या लोकांच्या आजारांच्या फायली. त्या शोधून देणं आणि परत जागेवर लावणं हे माझं काम. कोपऱ्यातल्या टेबलाशी माझी नणंद बसायची. डॉक्टर मंडळी आपापले रिपोर्ट टेपवर बोलून खाली पाठवत, आणि ही कानाला हेडफोन लावून ते टाइप करायची. पायाखाली पॅडल होतं. ते दाबलं की डॉक्टर बोलत, सोडलं की गप्प होत. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पायाखाली ठेवणारी अख्ख्या इमारतीत मी एकटीच, असं ती म्हणायची.

तिला दिसत नव्हतं. नवव्या वर्षी एका आजारपणात दृष्टी गेली ती गेलीच. माझं लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नणंदेला वन्सं म्हणायची आमच्यात रीत, पण दोन वेण्या घातलेल्या मुलीला वन्सं म्हणताना मला हसू यायचं आणि तिलाही. त्या हसण्यातच ते नाव कायमचं चिकटलं. मी तिला वन्सं आणि तुम्ही म्हणायची, ती मला वहिनी आणि तू. ऑफिसात नव्या आलेल्यांना वाटे की तीच थोरली आहे.

वन्संची काम करायची एक पद्धत होती. टेपवर जे ऐकू आलं ते अक्षरन् अक्षर टाइप करायचं. डॉक्टर चुकलेत असं वाटलं तरी आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही. शंका आली तर त्या शब्दापुढे तीन चांदण्या टाकायच्या आणि कागद वर पाठवायचा. डॉक्टर जिन्यात भेटले की विचारायचे, “आज माझ्या कागदावर चांदण्या किती?” एकदा एका सर्जननी टेपच्या सुरुवातीला डावा गुडघा म्हटलं आणि शेवटी उजवा. हिने दोन्ही तसेच टाइप केले, दोन्हींपुढे चांदण्या टाकल्या, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आहे हे टेपवरच ऐकलं म्हणून कागद शिपायाकडे न देता स्वतः कठडा धरून तीन मजले चढून गेली. त्या दिवसापासून ते सर्जन टेप सुरू करताना आधी “नमस्कार बाई” म्हणायचे. तेही ती टाइप करायची. शेवटी तिला सांगावं लागलं, की नमस्कार कागदावर नको.

कॉम्प्युटरवर काम करायला तिच्याजवळ एक पेटी होती. जेवणाच्या डब्याएवढी, काळी, समोर आवाजाचं गोल बटण. पडद्यावर जे असेल ते पेटी वाचून दाखवायची. आवाज पुरुषाचा, पण नाक चोंदल्यासारखा. म्हणून आम्ही तिला सर्दीवाले काका म्हणायचो. वन्संनी १९९६ पासून रोज आठ तास त्या काकांचं ऐकलं होतं. ते इतक्या वेगाने बोलायचे की मला ते कणीस भाजल्यासारखं तडतड ऐकू यायचं, पण तिला त्यातला शब्दन् शब्द कळायचा.

तर त्या वर्षी, एका शुक्रवारी, नवे कॉम्प्युटर आले.

कॉम्प्युटर विभागाच्या माणसाला सगळे किल्लीवाले म्हणत. कमरेला इतक्या किल्ल्या की तो कॉरिडॉरमधून येतोय हे आधी कानाला कळे. दिवसभरात त्याने बेचाळीस जागी जुनं काढून नवं बसवलं. आमच्याकडे आला तेव्हा चार वाजले होते आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. जुनं यंत्र ढकलगाडीवर गेलं, नवं टेबलावर आलं. मग काकांच्या वायरचं टोक हातात धरून तो यंत्राच्या मागे वाकला आणि तसाच राहिला.

“ताई, हे कुठे लावू?”

“मागे. नऊ पिनांचं तोंड असतं. वर पाच, खाली चार,” वन्सं म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना स्क्रू.”

“ते जुन्यात असायचं. आता असलं तोंड देत नाहीत. नव्यात नुसती चपटी भोकं.”

“मग काका बोलणार कसे?”

“कोण काका?”

मी पेटीकडे बोट दाखवलं. तो ओशाळला. “तुमचा वाचणारा प्रोग्रॅम मी घातलाय हो. पण तो बोलायला या पेटीलाच शोधतो. पेटीशिवाय बोलणारा नवा प्रोग्रॅम मागवायचा तर पुढच्या वर्षीची मंजुरी लागेल.” मग डोकं खाजवून म्हणाला, “एक वायर मिळते. एका टोकाला चपटं, एका टोकाला नऊ पिना. पण ती नुसती लावून चालत नाही. तिचा ड्रायव्हर बसवावा लागतो.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे कॉम्प्युटरला त्या वायरची ओळख करून द्यायची. वायरीबरोबर एक सीडी येते, तीत ते असतं. मी दिलं असतं करून, पण उद्या-परवा मी नाही. भावाच्या घराचं सामान हलवायचंय.” त्याने एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि माझ्या हातात कोंबला. “हा असल्याशिवाय बसवू देत नाही. मी तुम्हाला काही दिलेलं नाही.”

तो गेल्यावर हेडक्लार्क आले. ते वाईट नव्हते. वाईट बातमी सांगायची असली की पेनाचं टोपण चावत, एवढंच.

“सोमवारी नऊला ऑपरेशन थिएटरच्या टेप खाली येतील,” टोपण चावत ते म्हणाले. “बाराच्या आत टाइप होऊन वर जायला हव्यात. तुमचं यंत्र बोललं नाही, तर तुम्हाला मी चौकशीच्या खिडकीवर बसवतो. भेटायला येणाऱ्यांना पास द्यायचे. तात्पुरतं.”

“तात्पुरतं म्हणजे किती दिवस?” वन्संनी विचारलं.

त्यांनी टोपण पुन्हा तोंडात धरलं.

“साहेब, या खोलीतला पंखा तात्पुरता बसवला होता. मी लागले त्या वर्षी,” ती म्हणाली. “बावीस वर्षं फिरतोय.”

ते हसले नाहीत, आणि म्हणून मला भीती वाटली. खिडकीवर पगार तोच मिळाला असता. पण दिवसभर पासांचा गठ्ठा हातात घेऊन बसलेल्या वन्सं माझ्या डोळ्यांपुढे येईनात. घरी जाताना तिने माझा दंड नेहमीपेक्षा घट्ट धरला होता, आणि रस्ताभर एकही चेष्टा केली नाही.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे. बहिणीचं ऐकून घेतलं, एक शब्द न बोलता पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढली आणि काकांच्या वायरच्या टोकाचं चित्र काढलं. नऊ पिना, दोन स्क्रू, मापं मिलिमीटरमध्ये. शनिवारी सकाळी ते चित्र घेऊन सायकलवरून बाजारात गेले. अकराला परत आले ते निळी वायर हलवतच.

“दुकानदार म्हणाला, असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. चित्र ठेवून घेतलंन,” त्यांनी सांगितलं. “विचारत होता, ड्रायव्हर आहे ना तुमच्याकडे. मी म्हटलं, मी सायकलने आलोय.”

“दादा, त्याला खरंच असं म्हणालास?” वन्सं म्हणाल्या.

“म्हणालो. मग त्याने ही सीडी दिली.”

ती हसली. कालपासून पहिल्यांदाच.

शनिवारी रेकॉर्डरूम एकला बंद व्हायची, आणि त्या शनिवारी आम्हा दोघींची पाळी नव्हती. आम्ही दीडला गेलो. पहारेकऱ्याने फाइल राहिली असेल असं समजून सोडलं. तळघरात पाइपांच्या कटकटीशिवाय आवाज नव्हता. वन्सं आपल्या खुर्चीत बसल्या, बोटं कीबोर्डवर फिरवून नवी बटणं समजून घेतली, आणि म्हणाल्या, “काका आजारी आहेत. आज तू काका हो.”

“म्हणजे काय करू?”

“पडद्यावर येईल ते वाच. मी बटणं दाबते. माउस बाजूला ठेव, मला त्याचा उपयोग नाही.”

माझं इंग्रजी शाळेपुरतं. पण चष्मा होता आणि वेळ होता. सीडी नेहमीपेक्षा लहान होती, यंत्रातून बाहेर येणाऱ्या बशीच्या आतल्या खळग्यात बसणारी. वायरवर लाल चिकटपट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, आधी सीडी, मग वायर. तसंच केलं. चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकल्यावर सीडीचं काम सुरळीत झालं. मग मी वायरचं चपटं टोक भोकात घातलं, एकदा उलटं आणि एकदा सुलटं, आणि दुसऱ्या टोकाला काकांची वायर जोडून स्क्रू नखाने आवळले. पेटीवरचा लाल दिवा लागला. पडद्यावर खिडकी उघडली.

“नवीन काहीतरी सापडलं म्हणतंय,” मी म्हणाले.

“छान. पुढे?”

“पुढे जायचं का विचारतंय.”

तिने एंटर दाबलं. दुसरी खिडकी आली, तिसरी आली. तिसरीत बराच मजकूर होता. मी तो मनातल्या मनात वाचला आणि म्हणाले, “हेही तेच विचारतंय. पुढे जायचं का म्हणून.”

“जाऊ?”

“जा.”

एंटर. मग एक खिडकी आली की बसवता आलं नाही.

वायर काढली, परत लावली. परत तेच. भोक बदललं, यंत्र बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदाही तेच. घड्याळात साडेतीन झाले होते. भिंतीवरच्या फोनवरून किल्लीवाल्यांना फोन लावला. मागे कपाट सरकवल्याचा आवाज येत होता.

“वायरच खराब असेल,” तो म्हणाला. “सोमवारी दहाला येऊन बघतो.”

“टेप नऊला येतात.”

“हो, ते आहेच,” तो म्हणाला, आणि मी फोन ठेवला.

मी परत आले आणि म्हणाले, “वन्सं, घरी जाऊ या. हेडक्लार्कांशी मी बोलते. एक दिवस थांबतील ते.”

ती उठली नाही. दोन्ही तळवे कीबोर्डवर हलकेच ठेवून बसली होती. पेटीवर हात ठेवून दिवा उबदार लागतोय का ते पाहिलं. मग म्हणाली, “वहिनी, ती तिसरी खिडकी. तिच्यात ओळी किती होत्या?”

“असतील सात-आठ.”

“आणि मला तू किती सांगितल्यास?”

मी पडद्याकडे पाहिलं.

“एक,” ती म्हणाली. “तीन वेळा एक.”

“त्यात अर्थच तेवढा होता. पुढे जायचं का, एवढाच.”

“तू पेपरही मला असाच वाचून दाखवतेस.”

हे मला कुठल्या कुठे लागलं. रोज संध्याकाळी चहा झाला की मी तिला पेपर वाचून दाखवायची. सासूबाई गेल्या तेव्हापासून अपघात, आजार, कोणी गेल्याच्या बातम्या मी गाळत होते. दिवसभर लोकांची दुखणी टाइप करून येते, निदान घरी तरी नको, एवढाच हेतू. सहा वर्षं मी हे करत होते आणि तिला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“बातमी गाळायची असली की तू आधी पान उलटतेस आणि मग श्वास घेतेस. एरवी आधी श्वास घेतेस.” मग मान वळवून म्हणाली, “तुझ्या पेपरवर विश्वास ठेवला तर सहा वर्षांत या गावात कोणी मेलेलं नाही. हॉस्पिटल चाललंय कशावर कोण जाणे.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. चष्मा पुसावा लागला.

“रागावलात?”

“रागावले असते तर सहा वर्षं ऐकलं असतं का? तुला बरं वाटत होतं, म्हणून चालू दिलं. पण आज मला बरं वाटून उपयोगाचं नाही. परत पहिल्यापासून लाव. कळेल ते वाच, न कळेल तेही वाच. बारीक अक्षरं वाच. बटणं किती, त्यांवर काय लिहिलंय, आणि कुठल्या बटणाभोवती ठिपक्यांची चौकट आहे, कारण एंटरने तेच दाबलं जातं, सगळं. तू डॉक्टर नाहीस, तू टेप आहेस.”

वायर काढली, लावली. खिडकी आली, दुसरी आली, तिसरी आली. मी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. न कळलेल्या शब्दांची अक्षरं सांगितली, त्यांचे अर्थ तिने मला सांगितले. मजकूर असा होता की तुम्ही जे बसवत आहात त्याने आमची परीक्षा दिलेली नाही. ते बसवलंत तर तुमचं यंत्र आत्ता किंवा पुढे केव्हाही बिघडू शकतं. तुम्ही इथेच थांबावं असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

“असं लिहिलंय होय,” वन्सं म्हणाल्या. “आणि हे तू मला का नाही वाचलंस?”

“हॉस्पिटलचं यंत्र. बिघडू शकतं हे ऐकून तुम्ही घाबरला असतात, हात आखडला असता.”

“बटणं?”

“दोन. एकावर लिहिलंय, तरीही पुढे जा. दुसऱ्यावर, बसवणं थांबवा.”

“चौकट कशाभोवती?”

मी वाकून पाहिलं. “थांबवाभोवती.”

वन्सं अशा हसल्या की पाइपसुद्धा घुमले. “म्हणजे तीनदा तू मला जा म्हणालीस आणि तीनदा मी माझ्याच बोटाने थांबवलं. वायर बिचारी निर्दोष.”

“पण बिघडलं तर?” मी म्हणाले. “परीक्षा दिलेली नाही म्हणतात.”

“परीक्षा दिलेली नाही म्हणजे नापास झालेली नाही,” ती म्हणाली. हसणं ओसरलं होतं, पण आवाज शांत होता. “शाळेची शेवटची परीक्षा मी तरी कुठे दिली? मला पेपर वाचून दाखवायला माणूस नव्हता, म्हणून बसूच दिलं नाही. या खोलीत अर्ज केला तेव्हा त्यावरही असंच लिहिलं होतं, परीक्षा दिलेली नाही. जुन्या हेडक्लार्कांनी तरीही पुढे जा म्हटलं.”

ती टाइप करते एवढं मला माहीत होतं. तिला ती खुर्ची कशी मिळाली ते बावीस वर्षांत मी विचारलं नव्हतं.

तिने टॅब दाबलं. “चौकट हलली?”

“हलली. तरीही पुढे जा, याच्याभोवती आहे.”

“नक्की? तुला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?”

“नाही. शपथ.”

एंटर. हिरव्या चौकोनांची रांग भरत गेली. मी चौकोन मोजून सांगत होते, तेही ती ऐकत होती. मग परत तीच घाबरवणारी खिडकी आली, कारण वायरची ओळख दोन टप्प्यांत होते म्हणे. या वेळी मी पूर्णविरामासकट वाचली. शेवटी आलं, काम पूर्ण झालं.

पण काका गप्पच.

“आता यंत्राने या वायरला कितवा नंबर दिलाय ते बघू,” वन्सं म्हणाल्या. बटणांमागून बटणं दाबत तिने यंत्रातल्या सगळ्या सामानाची यादी उघडली. मी सतरा ओळी वाचल्या. कीबोर्ड, पडदा, आवाज, घड्याळ. चौदाव्या ओळीत वायरचं नाव आणि पुढे पाचचा आकडा.

“तरीच. काकांचा प्रोग्रॅम जुना आहे, त्याला चारपर्यंतचीच दारं माहीत. जुन्या यंत्रात ते एक नंबरच्या दारात होते. ९६ साली बसवायला आलेला माणूस बोलत होता, ते ऐकलेलं आहे मी.”

नऊ वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने पुटपुटलेला आकडा. मी कालची भाजी विसरते.

त्या यादीत आत, त्याच्याही आत, नंबर बदलायची जागा सापडली. मी वाचत होते, ती मोजून बाण दाबत होती. पाचचा एक झाला. वाचणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला.

शांतता. पाइप कटकटले. न राहवून मी म्हणून टाकलं, “दिवा तर लागलाय हो.”

वन्संनी पेटीकडे हात नेला. आवाजाच्या गोल बटणावर बोट ठेवलं आणि कपाळाला आठी घातली. “किल्लीवाल्यांनी उचलताना फिरवलंय. शून्यावर आहे.” तिने बटण उजवीकडे वळवलं.

“ओके. बटण,” नाकातला आवाज म्हणाला.

आणि मग काका थांबेनात. कालपासूनचं साचलेलं सगळं त्यांनी एका दमात वाचून काढलं, त्या सतरा ओळींसकट. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. मग हात माझ्या दिशेने पुढे करून माझा हात शोधला आणि म्हणाल्या, “तू बरी होतीस काका म्हणून. पण फार हळू.”

सव्वापाचला आम्ही वर आलो तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, “फाइल सापडली?” वन्सं म्हणाल्या, “सापडली.”

सोमवारी नऊला टेप आल्या. हेडक्लार्क पासांचा गठ्ठा घेऊनच खाली आले होते. दारात उभे राहून त्यांनी टाइपिंगचा आवाज ऐकला आणि गठ्ठा पाठीमागे लपवला. “लपवू नका साहेब,” वन्सं हात न थांबवता म्हणाल्या, “रबरबँड वाजला.” साडेअकराला शेवटचा कागद वर गेला, दोन ठिकाणी चांदण्यांसह.

त्याआधी, दहाला, किल्लीवाले आले, सगळं ऐकून खुर्चीत बसले आणि म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर रक्त तपासायच्या यंत्राचीही तीच रड आहे, नऊ पिनांची, सकाळपासून तिथले तिघे झटतायत. मग त्या दुपारी वन्संनी सगळ्या पायऱ्या सांगितल्या आणि मी लिहिल्या. एकोणीस पायऱ्या. सातवी अशी होती, इथे एक घाबरवणारी खिडकी येईल, ती पूर्ण वाचा, चौकट कशाभोवती आहे ते बघा, मग ठरवा. त्या कागदाच्या झेरॉक्स इमारतभर फिरल्या. रक्ततपासणीत, हृदयाच्या आलेखाच्या खोलीत, औषधांच्या वजनकाट्याशी त्या चिकटवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. वरच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, पण त्या वर्षी त्या हॉस्पिटलातली कितीतरी यंत्रं बोलती झाली ती वन्संच्या त्या कागदामुळे.

आता इतकी वर्षं झाली. किल्लीवाले पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात विभागप्रमुख झाले. आता सगळं कार्डाने उघडतं, त्यामुळे किल्ल्या गेल्या, पण आम्ही अजून किल्लीवालेच म्हणतो. ते पूर्वी सणावाराला फोन करायचे, आता उगीचही करतात. हेडक्लार्क निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी गेले. तो पंखा त्यांच्यानंतरही फिरत होता.

२०११ साली आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि रिपोर्टचं पाकीट घरी आलं. हे म्हणाले, तू वाच. वन्सं शेजारी बसल्या होत्या. मी पहिल्या ओळीवर अडखळले आणि हात पान दुमडायला लागला. “वहिनी, सगळं,” त्या म्हणाल्या. मी सगळं वाचलं, पूर्णविरामासकट. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, टाइप करणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं असतात. ती वन्संची होती. दोन दिवसांपूर्वी तिने आपल्या भावाचं ते सगळं कानाने ऐकून, एकही चांदणी न टाकता टाइप केलं होतं, आणि कामाचा नियम म्हणून घरी येऊन आमच्याशी नेहमीसारख्या गप्पा मारल्या होत्या. ते ऐकून हे म्हणाले, “टाइपिंग स्वच्छ आहे.” आम्हाला त्यानंतर आठ महिने मिळाले, आणि त्यांत आम्ही तिघांनी एकमेकांपासून काही लपवलं नाही.

वन्सं २०१९ मध्ये निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्या सर्जननी टेपवर भाषण पाठवलं, आणि सुरुवातीला नमस्कार बाई म्हटलं. काका आमच्याकडे आले. त्यांचा दिवा आता लागत नाही, तरी निळ्या वायरसकट कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. वन्संना आता फोनच सगळं वाचून दाखवतो, स्वच्छ नाकाने. पण पेपर मात्र माझ्याकडूनच हवा असतो. जाड भिंगाचा चष्मा लावून मी रोज संध्याकाळी वाचते. अपघात, आगी, निधनवार्ता, सगळं. मी थकून पेपर मिटायला लागले की त्या म्हणतात, “राहिलं,” आणि मग मी शेवटच्या पानाच्या तळाशी असलेलं मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ताही वाचते.